कोकणातल्या घरात सोडून दिलेली म्हातारी, मोठ्या जातीची कुत्री सांभाळता येतील का?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: गुहागरजवळ वडिलोपार्जित घर आणि नारळ-सुपारीची वाडी आहे, निवृत्तीनंतर तुम्ही दोघं तिथे राहायला जाणार आहात. मुंबई-पुण्यात लोकांनी सोडून दिलेली लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्ड, ग्रेट डेन, सेंट बर्नार्ड अशी म्हातारी कुत्री तिथे आणून शेवटपर्यंत सांभाळावी अशी इच्छा आहे. हे जमेल का, आणि किती ठेवता येतील?

जमेल. आम्ही नवराबायको याच पट्ट्यात बरीच वर्षं हेच करतोय. पण किती ठेवायची हे वाडीच्या गुंठ्यांवरून ठरवू नका. जुलैच्या रात्री वीज गेलेली असताना पन्नास किलोचं जनावर उचलायला घरात किती हात आहेत, त्यावरून ठरवा. दोघांच्या घरात स्वतःहून उठता न येणारा कुत्रा एकच निभतो. त्याच्या जोडीला हिंडतेफिरते एक किंवा दोन. एकदा नाव झालं की लोक फोन करतात, ‘तुमच्याकडे एवढी जागा आहे, अजून एक घ्या ना.’ अशा वेळी स्पष्ट नाही म्हणा. पाचवा आला की आधीच्या चौघांच्या गोळ्यांच्या वेळा चुकायला लागतात, कोणाची लघवी कधी झाली हे आठवेनासं होतं, आणि त्याचा त्रास त्या मुक्या जिवांना होतो.

मोठ्या जातींचं आयुष्य मुळात लहान असतं. ग्रेट डेन आणि सेंट बर्नार्ड साधारण ८ ते १० वर्षं जगतात, लॅब्रॅडॉर १० ते १२. म्हणजे सात वर्षांचा डेन तुमच्याकडे आला तर तो म्हाताराच आला असं समजा.

तयारीची सुरुवात जमिनीपासून करा. नवीन बांधकामात गुळगुळीत लादी बसवलेली असते आणि कंबर गेलेल्या कुत्र्याला ती घातक. मागचे पाय दोन बाजूंना फाकतात, एकदा पडला की तो घाबरतो, आणि मग उठायचा प्रयत्नच सोडून देतो. पुष्कळदा ‘याचे पाय गेलेत’ म्हणून सांगितलेला कुत्रा पायाला पकड मिळाली की हळूहळू चालायला लागतो. गोठ्यात गाईम्हशींखाली टाकतात त्या जाड रबरी मॅट घ्या. पडवीपासून जेवणाच्या जागेपर्यंत आणि मागच्या दारापर्यंत सलग वाट होईल अशा अंथरा. पायऱ्यांच्या जागी चिऱ्याचा उतार करून घ्या, त्याचा पृष्ठभाग खडबडीतच ठेवा.

कुत्रा घ्यायला जाल तेव्हा त्याचा मागचा पाय हातात घेऊन मधल्या दोन बोटांची नखं बघा. ती वरच्या बाजूने घासलेली असतील, तर तो पाऊल उचलून नीट टाकत नाही, ओढतोय. जर्मन शेफर्डमध्ये हे बऱ्याचदा मज्जारज्जूच्या आजारामुळे होतं. त्यात दुखत नाही, पण मागचा भाग हळूहळू निकामी होतो आणि त्याला इलाज नाही. खुब्याचा सांधा झिजला असेल तर मात्र दुखतं, आणि त्यावर औषध आहे. दोन्हींत कुत्रा लंगडतोच, म्हणून डॉक्टरांकडून तपासून घेतल्याशिवाय काही गृहीत धरू नका. उठवायला पोटाखालून जुनी चादर किंवा टॉवेल घालायचा आणि दोन्ही टोकं वर धरून आधार द्यायचा. पुढचे पाय तो स्वतः टाकतो. कुशीवर पडून राहणाऱ्याची कूस दर तीन-चार तासांनी बदलावी लागते, नाहीतर कोपर आणि खुब्यावर जखमा होतात. फोमची गादी रेक्झिनच्या खोळीत घाला. पुसता येते, आणि ओल आत जात नाही.

घरातल्या डब्यातली माणसांची गोळी कधीही देऊ नका. पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, कोणतीच नाही. यांनी कुत्र्याचं यकृत किंवा मूत्रपिंड जातं, आतड्यातून रक्त पडतं. दुखण्यावर कुत्र्यांना चालणारी औषधं आहेत, पण तीही रक्ततपासणी करून, डॉक्टरांनी वजनावर ठरवलेल्या मात्रेतच.

आता पाऊस. रत्नागिरी जिल्ह्यात जून ते सप्टेंबरमध्ये तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो, आणि चार महिने काहीही धड वाळत नाही. दाट केसांच्या कुत्र्याची कातडी ओली राहिली की एका रात्रीत चट्टा उठतो. लॅब्रॅडॉरचे कान आतून कुजकट वास मारायला लागतात. मागचा भाग लघवीने भिजत असेल तर माश्या बसतात आणि दोन दिवसांत अळ्या पडतात. शेपटीखालचे आणि मांड्यांमागचे केस कात्रीने बारीक ठेवा, रोज रात्री बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसा. पडवीला झडीच्या बाजूने झाप लावा. सेंट बर्नार्डसारख्याला पावसाळ्यापेक्षा एप्रिल-मे जड जातो. कुत्रा धापा टाकून अंग थंड करतो आणि आपल्या दमट हवेत ते नीट होत नाही. त्याला पंखा आणि थंड फरशी हवीच, फिरणं पहाटेच. त्याचे केस मात्र पूर्ण भादरू नका.

उंदरांच्या मुतामुळे भातशेतीत आणि साचलेल्या पाण्यात लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या आजाराचा जंतू असतो. तो माणसालाही होतो. त्याची लस दरवर्षी, रेबीजची लसही दरवर्षी, दोन्ही मे महिन्याच्या आत उरका. गोचीड ही वर्षभराची लढाई. कुत्र्याने जेवण टाकलं, ताप आहे, हिरड्या पांढुरक्या दिसतायत, नाकातून रक्त आलं, तर वाट न बघता गोचीडतापासाठी रक्त तपासून घ्या. लवकर कळलं तर बहुतेक वेळा गोळ्यांनी बरा होतो.

तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांचा दिवस गाईम्हशींत जातो. तरी सलाईन लावायला, जखम शिवायला तेच धावून येतात. गावात गेल्यावर सगळ्यांत आधी त्यांना जाऊन भेटा. एक्स-रे किंवा सोनोग्राफीसाठी मोठं शहर गाठावं लागतं, आणि पावसात कुंभार्ली घाटात दरड आली की तोही रस्ता बंद. जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणची बाजारपेठच पाण्याखाली गेली होती. तेव्हापासून मे अखेरीस दोन महिन्यांची नेहमीची औषधं घरात भरलेली असतातच.

हे अंतर एका आजारात जिवावर बेतू शकतं, म्हणून आधीच सांगते. खोल छातीच्या कुत्र्यांत, विशेषतः ग्रेट डेनमध्ये, पोट वायूने फुगून पीळ बसतो. कुत्रा अस्वस्थ होतो, उलटीसाठी उमाळे येतात पण फेसाशिवाय काही पडत नाही, पोट ढोलासारखं ताणलं जातं. काही तासांत शस्त्रक्रिया झाली तरच वाचतो, आणि आपल्या गावांतून ती वेळेत होणं फार अवघड. म्हणून दिवसाचं जेवण तीन वेळा थोडं थोडं द्या, जेवणानंतर तासभर पळापळ नको. डेन आणायचाच असेल तर शहरात असतानाच, पीळ बसू नये म्हणून पोट आतून टाके घालून बसवण्याबद्दल डॉक्टरांशी बोला. त्याच्या वयाला भूल झेपेल का हे तेच सांगतील.

रात्री एकही कुत्रा पडवीत ठेवायचा नाही, सगळे दाराच्या आत. बिबट्या आता वस्तीत येतो, आणि म्हातारा कुत्रा पळू शकत नाही. कातळावर आणि जांभ्याच्या गडग्यात फुरसं हा विषारी साप असतो, पावसाळ्याच्या तोंडावर जास्त दिसतो, म्हणून घराजवळचा पालापाचोळा आणि चिऱ्यांचे ढीग हलवा. नारळाखाली कुत्रा बांधू नका, वरून पडलेला नारळ जीव घेतो. किनाऱ्यावर नेलंत तर वाळूत पडलेले मेलेले मासे तोंडात घालू देऊ नका. केंड मासा विषारी असतो.

कुत्रा ताब्यात घेताना मालकाकडून सही केलेलं पत्र घ्या की तो कायमचा देतोय. जनावर असं सोडून देणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात गुन्हा आहे, पण पहिल्या वेळचा दंड १० ते ५० रुपये. मला याचा फार राग येतो. दहा वर्षं घर राखलेल्या जनावराची किंमत पन्नास रुपये कशी असू शकते? पण कुत्रं देऊन टाकणाऱ्यावर ओरडून त्याची फाइल मिळत नाही. लसीकरणाचं पुस्तक, आधीची औषधं, त्याला कशाची भीती वाटते, कोणत्या नावाने हाक मारतात, हे सगळं गोड बोलून विचारून घ्या. नाव बदलू नका.

आणि शेवटचं आधी ठरवा. खायचं पूर्ण बंद, उठणं बंद, औषधानेही वेदना थांबत नाहीत, अशी वेळ आली तर डॉक्टर आधी खोल गुंगी देऊन मग इंजेक्शन देतात. त्या वेळी त्याचं डोकं तुमच्या मांडीवर असू द्या. कातळावर चार फूट खड्डा हाताने खणला जात नाही, आणि पावसात तर मुळीच नाही. वाडीत माती खोल असलेली, विहिरीपासून लांब, उताराच्या खालच्या बाजूची जागा मे महिन्यातच बघून ठेवा. इंजेक्शन दिलेलं शव खोलच पुरलं पाहिजे. कोल्ह्याने उकरून खाल्लं तर तोही मरतो.

पहिला कुत्रा दिवाळीनंतर आणा, म्हणजे जागा, माणसं, वास ओळखायला त्याला कोरडे सहा-सात महिने मिळतात. शक्यतो लॅब्रॅडॉर घ्या, चालता असलेला. त्याच्याबरोबर एक पावसाळा काढा, मग दुसऱ्याचं बघा.