टेबल टेनिसला मूल घातलंय? आधी पाय बघा

पहिले तीन महिने बॅटपेक्षा मुलाच्या पायांकडे लक्ष द्या. या खेळानं नजर-हाताचा मेळ, चपळाई, तोल छान सुधारतो; दम मात्र तेवढा वाढत नाही. बहुतेक रॅली, म्हणजे चेंडूची सलग टोलवाटोलवी, काही सेकंदांतच आटोपतात, मग चेंडू आणेपर्यंत विश्रांतीच! म्हणून आठवड्यातून दोनदा 15-20 मिनिटं धावणं किंवा पकडापकडी वेगळी हवी.

टेबल 76 सेंमी उंच असतं. लहानग्यांना ते उंच पडतं, मग खांदा उचलून फटके मारायची सवय लागते आणि खांदा दुखतो. शक्य असेल तर बुटकं टेबल वापरा. वाकायचं ते गुडघ्यांत, कमरेत नव्हे.

पायांसाठी 30 सेकंद डावी-उजवीकडे सरकणं, 30 सेकंद थांबणं, अशा सहा फेऱ्या. पायात पाय अडकायला लागले की थकवा आलाय, तिथेच थांबवा; चुकीची हालचालही अंगवळणी पडते. खेळ एकहाती, त्यामुळे प्लँक (कोपरं आणि पायाच्या बोटांवर अंग सरळ तोलून धरणं), दोरीउड्या आणि दुसऱ्या हातानं चेंडू फेकणंही ठेवा.

आणि बूट? जाड टाचेचे रनिंग शूज नकोत. आडव्या हालचालीत घोटा मुरगळतो. चपट्या रबरी तळाचे घ्या.