वाचकांच्या शंका : दगडावरचा काळा

प्रश्न : नॉर्वेचा चित्रकार एडवर्ड मुंक याने १८९६ साली केलेल्या, स्वीडिश नाटककार ऑगस्ट स्ट्रिंडबर्गच्या लिथोग्राफच्या (दगडावर चित्र काढून घेतलेल्या छापाच्या) धर्तीवर एका लेखकाचं व्यक्तिचित्र दगडावर करत आहे. पहिल्या चार-पाच प्रती चांगल्या निघतात, मग केस आणि कोट यांचा एकच काळा गोळा होतो. आम्ल वाढवावं का?

उत्तर : लगेच नको. आधी रोलर फिरवण्याची पद्धत तपासा. रोलर सावकाश, दाबून फिरवला तर शाई दगडावर बसते. हलक्या हाताने भरभर फिरवला तर जास्तीची शाई उचलली जाते. त्यात दगड मधेच वाळला की पाण्याचा पडदा तुटतो आणि मोकळ्या जागाही शाई धरू लागतात. स्पंज प्रत्येक फेरीआधी फिरवा, पण पाणी साचू देऊ नका. शाई फार सैल असेल तर थोडं मॅग्नेशियम कार्बोनेट मिसळून घट्ट करा.

तरीही गोळा होत असेल, तर पहिला एच (दगडावर डिंक आणि आम्लाचं मिश्रण लावणं) कमी पडला आहे. दगडावर शाई पुरती चढवा, राळेची पूड आणि मग टाल्क लावा, आणि दुसरा एच द्या. बाभळीच्या डिंकाच्या ३० मिली द्रावणात नायट्रिक आम्लाचे थेंब: फिकट छटांना शून्य ते ५, मध्यम छटांना १० च्या आसपास, गडद भागाला १५ ते २०. हा अंदाज समजा. पिवळसर दगड मऊ असतो, त्याला कमी लागतं. करडा दगड कठीण, त्याला जास्त. सगळीकडे एकच तीव्र मिश्रण फासलं तर केस सुटतील, पण गालावरच्या फिकट रेषा जळून जातील. फिकट भाग आधी साध्या डिंकाने झाकून घ्या.

दगड फार गुळगुळीत घासला असेल तर मात्र वरचे सगळे उपाय अपुरे. बारीक दाणा लवकर भरतो. एवढा काळा हवा असेल तर शेवटची घासणी १८० नंबरच्या कार्बोरंडमवर (दगड घासायच्या भुकटीवर) थांबवा; २२० च्या पुढे जाऊ नका.

आणखी एक: काळ्यात ब्लेडने पांढऱ्या रेषा खरवडायच्या असतील तर एचच्या आधी खरवडा. नंतर खरवडल्यास उघडा पडलेला ताजा दगड शाईचा तेलकटपणा धरतो आणि पांढरी रेषा काही प्रतींतच काळी होते. तेवढ्या जागी पुन्हा एच द्यावा लागतो.

प्रश्न : मुंकच्या या चित्रात नाव ‘स्टिंडबर्ग’ असं का आहे?

उत्तर : ‘र’ गळला आहे, हे खरं. कारणाबद्दल तर्क पुष्कळ. दगडावर थेट लिहिलेली अक्षरं छापताना उलटी होतात, म्हणून नाव आरशातलं लिहावं लागतं. अक्षर गळायला तेवढं पुरतं. स्ट्रिंडबर्गला नावापेक्षा व्यक्तिचित्राभोवती रेखाटलेल्या चौकटीतली नग्न स्त्री जास्त खटकली, असं सांगतात. तुमच्या चित्रात नाव घालायचं असेल तर ते आधी पातळ कागदावर सरळ लिहा आणि कागद उलटा करून गिरवा.

प्रश्न : फ्रेम करून लावलेलं एखादं चित्र लिथोग्राफ आहे की छापखान्यातली नक्कल, कसं ओळखावं?

उत्तर : दहापट भिंगातून करड्या छटा पाहा. सारख्या अंतरावर रांगेत ठिपके दिसले तर यांत्रिक छपाई. दगडाचा दाणा वेडावाकडा, लहानमोठा असतो. कागदावर प्लेटच्या कडेचा दबलेला ठसा शोधू नका. तो एचिंगमध्ये, म्हणजे धातूच्या पत्र्यावरून घेतलेल्या छापात असतो, इथे नाही.