बाळाच्या कमरेवरच्या जन्मजात छिद्रातून मज्जारज्जूला संसर्ग होऊ शकतो का?

आपण लिहिले आहे की आपल्या सात महिन्यांच्या मुलीच्या कमरेवर मधोमध टाचणीच्या डोक्याएवढे छिद्र आहे, भोवती केसांचा पुंजका आहे, आणि घरची मंडळी त्याकडे लक्ष देऊ नका म्हणतात. त्यातून मज्जारज्जूला संसर्ग होऊ शकतो का आणि शस्त्रक्रिया आताच करावी का, असा आपला प्रश्न आहे. संसर्ग होऊ शकतो. आमच्या घरात तो झाला आहे.

मी बडोद्याला दांडिया बाजारात राहते. माझ्या भाच्याच्या कमरेवर असेच छिद्र होते आणि ते सर्वांत आधी पाहिले त्याला न्हाऊ घालायला येणाऱ्या मावशींनी. तो दीड महिन्याचा असताना त्यांनी वहिनीला हाक मारून ते दाखवले. पुढे दोनदा त्यांनी सांगितले की दुपट्यावर तेवढ्याच जागी पिवळसर डाग पडतो, तेव्हा डॉक्टरांना दाखवून घ्या. लहान मुलांना तिथे खळी असतेच, असे दादा म्हणाला. लस द्यायला नेले तेव्हा वहिनीने विषय काढला, तर डॉक्टरांनी लंगोट न सोडताच दादाचे म्हणणे खरे ठरवले.

भाच्याची पहिली संक्रांत आली तेव्हा तो अकरा महिन्यांचा होता. आठवडाभर ताप येत-जात होता आणि दात येत असतील असे आम्ही सगळेच धरून चाललो होतो. बोरनहाणासाठी काळे झबले आणि हलव्याचे दागिने घालून त्याला पाटावर बसवले, तर पाठ वाकताच तो किंचाळला. उचलले की रडे, पालथा निजवला की शांत होई. उत्तरायणामुळे, म्हणजे गुजरातेतल्या संक्रांतीच्या पतंगांमुळे, सारे शहर गच्चीवर होते आणि नेहमीचा दवाखाना बंद होता. दुसऱ्या दिवशी, वासी उत्तरायणाला, सोफा धरून उभा राहणारा तो मुलगा पायांवर भारच घेईना. सकाळपासून लंगोट कोरडा होता आणि ओटीपोट टणक लागत होते, कारण लघवी तुंबली होती.

ज्या रुग्णालयात नेले तिथे आधी रक्त तपासले, छातीचे एक्स-रे काढले, आणि मज्जातंतूंना सूज आली असावी असे सांगितले. रात्रपाळीच्या एका तरुण डॉक्टरणीने बाळाला पालथे करून पाठ पाहिली तेव्हा कुठे तपासाची दिशा बदलली. भूल देऊन एमआरआय केला. मज्जारज्जूच्या खालच्या टोकात गळू झाले होते आणि कातडीवरच्या त्या छिद्रापासून तिथपर्यंत एक बारीक नळी गेलेली होती. त्याच रात्री शस्त्रक्रिया करून पू काढला, नळी आणि तिच्या टोकाची डर्मॉइड गाठ, म्हणजे आत अडकलेल्या कातडीच्या पेशींची गाठ, काढली, आणि नंतर सहा आठवडे शिरेतून प्रतिजैविके दिली. भाचा आज नऊ वर्षांचा आहे. तो चालतो, पण डावे पाऊल ओढतो, आणि दिवसातून चार वेळा नळी घालून त्याची लघवी काढावी लागते.

घरी परतल्यावर दादाने मावशींना यायचे बंद केले. मालीशच्या तेलातून जंतू आत गेले, असे तो तेव्हा म्हणाला आणि आजही म्हणतो. हे साफ चूक आहे. या दोषाला डर्मल सायनस म्हणतात. गर्भाच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात कातडी आणि मज्जासंस्था यांचे थर एकमेकांपासून सुटतात. एखाद्या ठिकाणी ते सुटले नाहीत तर तेवढ्या जागी अशी नळी उरते. तेव्हा आईला दिवस गेल्याचेही जेमतेम कळलेले असते, मग मावशींचा त्यात काय दोष? भाच्याच्या पुवात स्टॅफिलोकॉकस ऑरियस सापडला. हा जंतू निरोगी माणसांच्याही नाकात आणि कातडीवर असतो, आणि इतर मुलांत लंगोटातल्या शौचातले ई. कोलाय आणि प्रोटियसही आढळतात. तेलाचा थेंबही न लागलेल्या मुलांना हा आजार होतो. बाळाला रोज उघडे करून नीट पाहणारे आमच्या घरात एकच माणूस होते, आणि नेमके त्यालाच आम्ही दोषी ठरवले. मी रिपोर्ट घेऊन मावशींच्या घरी गेले आणि त्यांना तो वाचून दाखवला, परंतु दादा आजवर गेलेला नाही.

प्रत्येक खळी अशी नसते, हेही सांगायला हवे. नितंबांच्या फटीत, गुदद्वारापासून अडीच सेंटिमीटरच्या आत असलेली, पाच मिलिमीटरहून लहान आणि तळ दिसणारी एकच खळी बहुधा निरुपद्रवी असते. फटीच्या वर असलेले, तळ न दिसणारे, भोवती केस किंवा लाल डाग असलेले, ओलसर राहणारे छिद्र मात्र तपासलेच पाहिजे. मणके टणक होण्याआधी, म्हणजे साधारण तीन-चार महिन्यांपर्यंत, सोनोग्राफीने काम भागते. आपल्या मुलीला एमआरआय लागेल. त्यात बारीक नळी निसटू शकते, म्हणून रिपोर्ट चांगला आला तरी मुलांच्या न्यूरोसर्जनने पाठ स्वतः पाहावी. शस्त्रक्रिया संसर्ग होण्याआधी करणे केव्हाही बरे. नेमकी कधी, ते त्यांनीच ठरवावे. छिद्रात सळई घालून किंवा औषध सोडून खोली पाहू देऊ नका. तिथे चोळू नये, तेलही सोडू नये. मावशीही ती जागा वगळूनच मालीश करत असत. ताप, पायांत ढिलेपणा, पाठ वाकवताना रडणे किंवा लघवी न होणे, यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जा आणि आधी पाठ दाखवा.

आपल्याकडेही कोणी न्हाऊ घालायला येत असेल, तर छिद्र कधी ओले किंवा लाल दिसले होते का, हे त्यांना विचारा आणि त्या जे सांगतील ते डॉक्टरांच्या कानावर घाला.