शेतीच्या जुन्या कागदातला ‘महाल’ म्हणजे नागपूरचा महाल का?

तुमचा प्रश्न असा आहे: पणजोबांच्या १९३० च्या सुमाराच्या वाटणीपत्रात ‘मौजा अमुक, महाल नं. २, हिस्सा चार आणे, तहसील रामटेक’ असे लिहिलेले आहे. मग नागपूरच्या महालात घराण्याचा वाडा होता का, आणि त्यातला चौथा हिस्सा आज निघतो का?

दोन्हींचे उत्तर ‘नाही’. या कागदातला महाल वाडा नव्हे आणि नागपूरच्या बडकस चौकाकडची महाल नावाची वस्तीही नव्हे. जेवढ्या जमिनीच्या साऱ्याची (जमीन महसुलाची) हमी सरकारने एका मालकाकडून, किंवा भागीदारांच्या एका गटाकडून, एकत्र लिहून घेतली तेवढा एक महाल.

घोटाळा होतो कारण या शब्दाच्या दोन शाखा फार लवकर वेगळ्या झाल्या. शब्द अरबी आहे. मूळ अर्थ उतरण्याची, मुक्कामाची जागा. ‘मोहल्ला’ त्याच धातूतला. राजाचा मुक्काम तो राजवाडा, आणि पुढे राजवाड्यातली राणीसुद्धा ‘महल’: मुमताज महल, बेगम हजरत महल. नागपूरच्या महाल वस्तीचे नाव या शाखेतले, भोसल्यांच्या राजवाड्यावरून आलेले. तो राजवाडा १८६४ च्या आगीत जळाला, नाव वस्तीला चिकटून राहिले.

दुसरी शाखा हिशेबाची. आईन-ए-अकबरीत (अकबराच्या कारभाराच्या ग्रंथात) सुभा, त्याखाली सरकार आणि त्याखाली महाल अशी उतरंड आहे. वर्ध्याजवळचे पवनार तेव्हा वऱ्हाड सुभ्यातले एक सरकार होते. तिथे महाल म्हणजे बहुतेक ठिकाणी परगणा, पण बाजाराच्या किंवा बंदराच्या जकातीलाही महालच म्हणत. म्हणजे जमिनीपेक्षा ‘उत्पन्नाचे एक खाते’ हा अर्थ जास्त खरा. शिवकाळातले ‘अठरा कारखाने, बारा महाल’ वाचून बारा राजवाडे डोळ्यांपुढे आणणारे पुष्कळ भेटतात. ते बारा महाल म्हणजे पागा, टंकसाळ, पालखी, थट्टी (गाईगुरांचा गोठा), इमारत अशी खाती. मुंबई इलाख्यात तर तालुक्यापेक्षा लहान विभाग तो महाल आणि त्याचा अंमलदार महालकरी. गुजरातचे पंचमहाल म्हणजे गोध्रा, कालोल, हालोल, दाहोद आणि झालोद हे पाच महाल.

आता तुमचा कागद. भोसल्यांचे राज्य खालसा झाल्यावर १८६१ मध्ये मध्य प्रांत बनला आणि त्या दशकातल्या बंदोबस्तात (जमीन मोजून सारा ठरवण्याच्या कामात) गावाचा वसूल भरणाऱ्या मालगुजारांना मालकी हक्क मिळाले. सुरुवातीला बहुधा एक गाव, एक महाल. पुढे भाऊबंदकी आली. वाटणी पूर्ण करून साऱ्याची जबाबदारीही वेगळी केली, तर एका मौजाचे (गावाचे) दोन किंवा तीन महाल होत आणि त्यांना नंबर किंवा मालकाचे नाव पडे. जमीन वाटून घेतली पण साऱ्याची जबाबदारी सामाईक ठेवली, तर महाल एकच राही आणि आत पट्ट्या पडत. म्हणून ‘महाल नं. २’ आणि ‘पट्टी नं. २’ हे एक नव्हे. सगळ्या भागीदारांच्या वतीने सारा भरणारा तो लंबरदार.

सर्वांत जास्त चुका आण्यांत होतात. चार आणे ही रक्कम नाही. पूर्ण मालकी सोळा आणे धरत, म्हणून चार आणे म्हणजे एक चतुर्थांश. पण कशाचा? दोन महाल समसमान असतील आणि आणे महालाचे असतील, तर तुमच्या घराण्याकडे गावाचा एक अष्टमांश होता. आणे गावाचे असतील तर एक चतुर्थांश, म्हणजे त्या महालाचा निम्मा. कागदात इतर भागीदारांचे आणे दिले असतील तर बेरीज करा. महाल नं. २ वाल्यांचीच बेरीज सोळा आली तर आणे महालाचे. आठ आली आणि उरलेले आठ महाल नं. १ वाल्यांकडे निघाले तर गावाचे.

आज या आण्यांवर दावा लागत नाही. १९५० च्या मध्य प्रदेशाच्या (तेव्हा राजधानी नागपूरच) मालकी हक्क संपवणाऱ्या कायद्याच्या नावातच ‘इस्टेट्स, महाल्स, एलिएनेटेड लँड्स’ असे तीन शब्द आहेत. ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारी हक्क सरकारजमा झाले. तलावही गेले, भंडारा-गोंदियाकडचे ‘मामा तलाव’ म्हणजे हेच माजी मालगुजारी तलाव, कुणाच्या मामाचे नव्हेत! मालगुजाराकडे राहिली ती घरची वहितीची जमीन, म्हणजे सीर आणि खुदकाश्त. तेव्हा वाटणीपत्रात ‘महाल’ शोधण्यापेक्षा या दोन शब्दांपुढचे खसरा (शेताचे) नंबर शोधा, कामाचे तेच.

नक्कल मागताना अर्जात मौजा, तहसील, बंदोबस्ताचे साल, महाल नंबर, पट्टी असल्यास तिचा नंबर, पटवारी हलका (एका पटवाऱ्याकडचे क्षेत्र) नंबर (प.ह.नं.) आणि खसरा नंबर एवढे लिहा. हलके मधल्या काळात बदललेले असू शकतात, म्हणून जुना आणि आजचा असे दोन्ही द्या. नुसते ‘महाल, नागपूर’ लिहिलेत तर अर्ज शहराच्या मिळकतींकडे जाईल आणि ‘नोंद आढळत नाही’ असा शेरा घेऊन परत येईल. मालकांची नावे आणि हिस्से खेवटात मिळतात; चराई, सरपण, पाणी, वाटा यांचे हक्क वाजिब-उल-अर्जात. ही दोन्ही नावे अर्जात स्पष्ट घाला, कारण ‘जुने सर्व कागद’ असे मोघम मागितले की बहुतेकदा फक्त सातबारा हातात पडतो.

घराण्याचा एखादा कागद अमरावती-अकोल्याकडचा असेल तर मात्र हे सगळे लावू नका. वऱ्हाडात रयतवारी होती, सारा ज्याच्या त्याच्या शेतावर. तिथल्या मोडी कागदात महाल दिसला तर तो परगणा समजून वाचा.