जुनी पॉलिसी सोडण्याआधी

नागपूर

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मी दोनदा वाचले. बाबांच्या कौटुंबिक आरोग्य विम्याच्या पॉलिसीत तू सात वर्षे आहेस, येत्या वर्षी २५ पूर्ण झाल्यावर त्यातून बाहेर पडणार आहेस, आणि धंतोलीतील ज्या रुग्णालयात तुझे उपचार होतात तेथे कॅशलेस सोय असलेल्या दुसऱ्या कंपनीकडे जाण्याचा तुझा विचार आहे. विचार योग्य आहे. मात्र सिकलसेल, म्हणजे तांबड्या रक्तपेशींचा आनुवंशिक आजार, असलेल्या माणसाने कंपनी बदलताना हप्त्याच्या रकमेपेक्षा जुन्या पॉलिसीतून सोबत नेता येणाऱ्या वर्षांकडे अधिक लक्ष द्यावे, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते.

पूर्वीपासूनच्या आजारासाठी कंपनी जास्तीत जास्त ३६ महिन्यांचा प्रतीक्षा कालावधी ठेवू शकते, म्हणजे तोवर त्या आजाराचा खर्च मिळत नाही. २०२४ पूर्वी ही मर्यादा ४८ महिन्यांची होती. तुझा हा काळ केव्हाच संपला आहे. रीतसर पोर्टेबिलिटीने, म्हणजे जुनी वर्षे सोबत घेऊन कंपनी बदलण्याच्या सोयीने, गेलीस तर तो संपलेलाच धरला जाईल, पण नवी पॉलिसी म्हणून अर्ज केलास तर पहिल्या दिवसापासून पुन्हा मोजणी सुरू होईल. एजंटने पुढे केलेल्या अर्जावर 'पोर्ट' असा स्पष्ट उल्लेख आहे का, हे सही करण्यापूर्वी स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. दुसरी गोष्ट, हा लाभ जुन्या विमा रकमेपुरताच मिळतो. तुझी आताची रक्कम पाच लाख आहे आणि तू पंधरा लाख घेऊ इच्छितेस. म्हणजे वरच्या दहा लाखांना प्रतीक्षा नव्याने लागू होईल. तरीही पंधरा लाखच घे, कारण तुझ्या वयात सुरू झालेली प्रतीक्षा तिशीच्या आत संपते.

आता अर्जातील आजारांच्या रकान्याविषयी. माझ्या यजमानांच्या पॉलिसीच्या वेळी एजंट म्हणाला होता, "रक्तदाबाची एक गोळी, ती काय लिहायची?" आम्ही ती लिहिली नाही. तिसऱ्या वर्षी हृदयाच्या उपचाराचा दावा त्याच एका कारणावरून नाकारला गेला, आणि सही आमची असल्याने आमच्याकडे उत्तर नव्हते. त्या रात्री रुग्णालयाच्या बिलाच्या खिडकीपाशी मी उभी होते, ते मी विसरलेले नाही. म्हणून सांगते, तू नुसती वाहक (एकाच पालकाकडून दोष आलेली) नसून 'एसएस' प्रकारची, म्हणजे दोन्ही पालकांकडून दोष आलेली, रुग्ण आहेस हे तसेच लिही. कोणत्या वर्षी रक्त चढवले, वेदनेच्या झटक्यासाठी किती वेळा दाखल झालीस, हायड्रॉक्सीयुरिया या तुझ्या औषधाची मात्रा किती, हे सगळे डिस्चार्ज कार्डांसह दे. सलग ६० महिने पूर्ण झाल्यावर, सिद्ध झालेली फसवणूक वगळता, माहिती दडवल्याच्या कारणावरून कंपनीला दावा नाकारता येत नाही, आणि पोर्ट केल्यास आधीची वर्षेही यात धरतात. पण या नियमाच्या भरवशावर काही लपवू नकोस. वाढीव रकमेसाठी ही मोजणीही नव्याने सुरू होते.

पॉलिसीचे शब्द तुझ्या आजाराच्या वाटेने वाच. सिकलसेलमध्ये पित्ताशयात खडे होतात, आणि पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेला अनेक पॉलिसींत वेगळी प्रतीक्षा असते. मांडीच्या हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा बंद पडून खुब्याचा सांधा बदलण्याची वेळ येऊ शकते. त्याबद्दल पॉलिसीत काय म्हटले आहे ते पाहा. काही तासांत रक्त चढवून घरी पाठवले तर तो दावा डे-केअरमध्ये, म्हणजे रात्रभर दाखल न होता घेतलेल्या उपचारांत, बसतो का, हे लेखी विचार. रूम रेंटची मर्यादाही पाहून ठेव, कारण तिच्याहून महाग खोली घेतल्यास अनेकदा बिलातील इतर रकमाही त्याच प्रमाणात कापल्या जातात. दरमहा लागणारी औषधे मात्र बहुधा खिशातूनच घ्यावी लागतील.

नवी कंपनी आजार पाहून नकार देऊ शकते, हे गृहीत धरूनच चाल. तुझे नूतनीकरण मे महिन्यात आहे. शरीरातले पाणी कमी झाले की तुझा त्रास उसळतो, आणि नागपूरच्या मे महिन्यात एक दिवसही विम्याशिवाय काढणे मला मान्य नाही. पोर्टचा अर्ज नूतनीकरणाच्या किमान ४५ दिवस आधी देण्याची रीत आहे, तेव्हा होळीच्या सुमारास कामाला लाग. नवीन कंपनीची लेखी स्वीकृती हाती येईपर्यंत जुने संरक्षण सोडू नकोस. नकार आलाच तर जुन्या कंपनीतच स्वतःच्या नावाने पॉलिसी करून घे. तेथेही तुझी सात वर्षे तुझ्यासोबत येतात, आणि पूर्वी दावे केले म्हणून कंपनी नूतनीकरण नाकारू शकत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे आणि दिव्यांगांसाठी विमा योजना उपलब्ध करण्याचे बंधन विमा प्राधिकरणाने २०२३ मध्ये कंपन्यांवर घातले आहे. त्यासाठी लागणारे दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र अजून काढले नसशील तर तेही काढून घे.

नोकरीतील गटविम्यावर विसंबू नकोस. नोकरी सुटली की तोही सुटतो.

येत्या रविवारी संध्याकाळी सातही वर्षांच्या पॉलिसी आणि डिस्चार्ज कार्डे घेऊन घरी ये. आजारांचा रकाना आपण दोघी मिळून भरू.

तुझी,
मावशी