सही करण्याआधी हमीचे तास बघ

ओंकार, विमान कंपनीने वैमानिकांच्या हातात पगारकपातीचा करार ठेवला की सगळे आधी मूळ पगार बघतात. तू हमीचे तास बघ, म्हणजे उड्डाण कमी झालं तरी ज्यांचा भत्ता मिळतोच ते तास. आज सत्तर तासांचा भत्ता नक्की मिळत असेल आणि उद्या चाळीसचाच मिळणार असेल, तर उड्डाणं घटली की खारघरच्या फ्लॅटचा हप्ता तुझ्या अंगावर येतो, कंपनीच्या नाही. 'परिस्थिती सुधारेपर्यंत' हे शब्द काढायला लाव. तिथे तारीख हवी, आणि कापलेलं परत कधी, कसं मिळणार तेही लेखी. अमेरिकेतल्या युनायटेड एअरलाइन्सच्या वैमानिकांनी 2003 मध्ये कंपनीच्या दिवाळखोरीत मोठी कपात स्वीकारली. पुढे त्यांची पेन्शन योजनाही गेली.

पण तिजोरीच रिकामी असेल तर जुना करार नुसता कागद. जेट एअरवेज 17 एप्रिल 2019 ला थांबली तेव्हा पगार आधीच थकले होते. म्हणून ताळेबंद वाच, समजत नसेल तर सीए गाठ.

राजीनाम्याचं म्हणशील, तर नव्या ठिकाणी सिनिऑरिटी तळापासून, शिवाय लांबलचक नोटीस. नवी मुंबईचा विमानतळ उलव्याला आलाय, म्हणून नोकऱ्या झाडाला लागलेल्या नाहीत! मसुदा युनियनच्या वकिलाला दाखव, मग शनिवारी वाशीला घरी ये.