ती होडी कुठून आली?

प्रश्न : मी गोव्यातल्या पेडणे तालुक्यातला, वय 41. जुलैत लावणीच्या दिवसांत लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या मुताने दूषित पाण्यातून होणारा ताप) झाला. किडनी आणि फुफ्फुसं दोन्ही धरली. 11 दिवस आयसीयूत होतो, त्यातले 6 व्हेंटिलेटरवर. चतुर्थी झाली, दिवाळी आली, तरी रात्र पडली की छाती धडधडते. हात बांधून मला होडीतून तेरेखोल नदीच्या पात्रात नेत होते आणि बायको काठावर उभी राहून नुसती बघत होती. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. ती म्हणते, असं काही झालंच नाही. तिच्याशी धड बोलवत नाही. मोबाइल वाजला तरी दचकतो. घरचे म्हणतात देवचाराची बाधा, गाऱ्हाणंही घातलं. मला वेड लागतंय का?

उत्तर : नाही हो, वेड नाही. मी अनेक वर्षं आयसीयूत पाळ्या केल्या आहेत. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून अशा रुग्णाखाली हवेची गादी घालतात. तिचे कप्पे आळीपाळीने फुगतात, बसतात, अंग हळूहळू डोलतं. ती तुमची होडी असावी. श्वासाची नळी उपटू नये म्हणून हात कापडी पट्ट्यांनी खाटेला बांधतात. आणि बायको? भेटीच्या वेळी दोन मिनिटं पायथ्याशी, रडू आवरत उभी असणार. जंतुसंसर्ग आणि गुंगीची औषधं यांत सापडलेल्या मेंदूने हे तुकडे जोडून गोष्ट रचली. मेंदूच्या या तात्पुरत्या गोंधळाला डिलिरियम म्हणतात. व्हेंटिलेटरवरच्या निम्म्याहून अधिक रुग्णांना तो होतो आणि त्यातल्या आठवणी खऱ्या आठवणींपेक्षाही ठसठशीत राहतात. म्हणून तुम्हीही खोटं बोलत नाही आणि तीही.

दोघं मिळून एक वही करा. कोणत्या दिवशी काय झालं, नळी कधी काढली, ती बाहेर बाकावर कुठे बसायची, सगळं तिच्याकडून ऐकून लिहा. डिस्चार्जचा कागद शेजारी ठेवा.

गाऱ्हाण्याने घरच्यांना धीर येत असेल तर असू दे, पण उपचार लांबवू नका. महिने उलटले, झोप नाही. बांबोळीला आयपीएचबी या सरकारी मनोरुग्णालयाच्या ओपीडीत दाखवाच. समुपदेशनाने, गरज पडल्यास औषधांनी, गुण येतो. जगणं नको वाटलं तर त्याच क्षणी 14416 लावा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनची ही सेवा फुकट आहे, रात्रीही चालते.

आणि बायकोला विचारा, तिला झोप लागते का. बाकावर बसलेल्यांनाही हा त्रास होतो. ओपीडीत तिलाही सोबत न्या.